चिंचवडचा कबुलीजबाब

चिंचवडच्या चाफेकर चौकातून रोज हजारो लोक जातात. त्यात सहायक सरकारी अभियोक्ता पदासाठी एमपीएससीची तयारी करणारे काही तरुण वकीलही असतात. सध्या त्यांना पुराव्याचे दोन कायदे वाचावे लागतात. १ जुलै २०२४ला भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, पण त्या दिवशी जे खटले सुरू होते ते १८७२च्या जुन्या कायद्यानेच चालणार. त्यामुळे कलमांचे जुने-नवे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठ करणं आलंच. जुनी २५, २६ आणि २७ ही तीन कलमं आता २३ या एकाच कलमात आली आहेत.

या तीन कलमांचा विषय एकच: पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाने दिलेली कबुली. ती नीट समजून घ्यायची असेल, तर याच चौकाला ज्यांचं नाव आहे त्यांचा खटला पाहावा.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या वॉल्टर रँडवर गोळी झाडली गेली. रँड हा पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलैला मेला. सरकारने २० हजार रुपयांचं इनाम लावलं. गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंनी माहिती पुरवली आणि चिंचवडचे दामोदर हरी चाफेकर पकडले गेले.

८ ऑक्टोबर १८९७ला दामोदर यांचा जबाब नोंदवला गेला. प्लेगच्या झडत्यांमध्ये गोऱ्या सोल्जरांनी देवस्थानं बाटवली, मूर्ती फोडल्या, त्याचा सूड म्हणून हे केलं, असं त्यात होतं. हा जबाब कबुलीजबाब मानला गेला. १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात त्यांना फाशी झाली.

आता परीक्षार्थीच्या नजरेने पाहा. हा जबाब फक्त पोलिसांपुढे झाला असता, तर पुरावा कायद्याच्या कलम २५ने तो निकामी ठरवला असता. पण तो मॅजिस्ट्रेटपुढे झाला. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाची कबुली मॅजिस्ट्रेटच्या समक्ष झाली तर चालते, असं कलम २६ सांगतं. दामोदरपंत आणि फाशीचा दोर यांच्यामध्ये कायद्याने ठेवलेला दरवाजा तो हाच.

हा दरवाजा मुळात इंग्रजांनीच बसवला होता. सरकारी नोकर आणि पोलीस लोकांचा छळ करतात, हे मद्रास इलाख्यातल्या छळ चौकशी आयोगाने १८५५मध्येच लिहून ठेवलं होतं. मग १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढची कबुली बाद ठरवणारी कलमं आली. तीच जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने १८७२च्या पुरावा कायद्यात घेतली. राज्यकर्त्यांनी आपल्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास आपण अजून जपून ठेवला आहे.

विद्यार्थ्यांची नेमकी इथेच गल्लत होते. कबुली खरी आहे का, हा या कलमातला पहिला प्रश्न नाही. गोळ्या चाफेकरांनीच झाडल्या, यावर आज कोणी वाद घालत नाही. प्रश्न असा की, मॅजिस्ट्रेटपुढे येण्याआधी त्या माणसाबरोबर बंद खोलीत काय घडलं? धमकी, आमिष, वचन यांपैकी काही होतं का? तसं असेल तर जुनं कलम २४, म्हणजे आताचं २२, आडवं येतं.

अपवाद आहे तो जुन्या २७चा, जो आता कलम २३चं परंतुक झाला आहे. चाकणच्या कंपनीतून सुटे भाग चोरल्याचा आरोप असलेला कोणी पोलिसांना म्हणाला, ‘मी चोरलेला माल विहिरीमागे पुरलाय,’ आणि माल तिथेच सापडला, तर ‘माल विहिरीमागे पुरलाय’ एवढंच ग्राह्य. ‘मी चोरलेला’ हे शब्द गळतात.

महाराष्ट्राने या दरवाजाला एक खिडकी पाडली आहे. १९९९च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली, ठरावीक अटी पाळल्यास, ग्राह्य धरता येते. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं, चाकणही त्यात आलं. इथल्या बातम्यांत ‘मोक्का’ हा शब्द वाचकांच्या सवयीचा आहे. म्हणजे १८६१चा अविश्वास कुठे आणि किती सैल करायचा, हा वाद संपलेला नाही.

अभियोक्ता पोलिसांचा वकील नसतो, तो राज्याचा वकील असतो. तपास अधिकारी फाइल पुढे सरकवून ‘साहेब, आरोपीने कबूल केलंय’ म्हणेल, तेव्हा ‘कोणापुढे आणि त्याच्या आधी तो कुठे होता?’ असं त्याने विचारायचं असतं. कलमाचा आकडा २६वरून २३ झाला, तरी हा प्रश्न बदललेला नाही.