मानमोडीची साथ आणि आपली माणसं

आमची आजी वर्षांचा हिशेब सनांनी करीत नसे. कुणाचं वय विचारलं की ती म्हणायची, "मानमोडीच्या साली तो रांगत हुता." लहानपणी आम्हांला त्याचं हसू यायचं. पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं, की आजीची मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ होय. या एका साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं मेली. शाळेच्या इतिहासात पहिल्या महायुद्धाची तारीख पाठ करून घेतात, पण मानमोडीचं नाव कुणी काढीत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

रोग जात पाहून येत नाही, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण रोग आल्यावर कोण वाचणार आणि कोण मरणार, हे मात्र माणूस कुठे राहतो, काय खातो आणि दवाखान्याचं दार त्याला उघडतं की नाही, यावर ठरतं. मुंबईचे १९१८ चे आकडेच पाहा. त्या साथीत दर हजारी युरोपियन सुमारे ८ मेले, पारशी ९ मेले, सवर्ण हिंदू सुमारे १९ मेले. आणि ज्यांना सरकारी कागदात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं होतं, ते दर हजारी ६१ हून अधिक मेले! एकच शहर, एकच हवा, एकच रोग. तरी सवर्णांच्या तिप्पट मरण आपल्या वाट्याला आलं.

असं का झालं? साथ जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली, थोडी ओसरली आणि सप्टेंबरात पुन्हा उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं. पुष्कळ डॉक्टर लढाईवर गेलेले. एकेका खोलीत आठ-दहा माणसं झोपत होती. तिथे एकाला ताप आला की सगळं घर आडवं! उपाशी अंगात रोगाशी झुंजायला बळ कुठून येणार? आणि घरात पडलेल्यांची सेवा करता करता बायाच जास्त मेल्या, अशीही नोंद आहे.

खेड्यात तर याहून वाईट. मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा, सरणाची लाकडं आणायची, ही कामं गावाने कुणावर लादली होती ते वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणजे मरणाच्या दारात सर्वांत पुढे आपली माणसं, आणि औषधाच्या दारात सर्वांत मागे.

त्याआधी वीस-बावीस वर्षांपूर्वीची प्लेगची साथ आठवा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. विएगस यांनी हा गाठीचा रोग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या. तेव्हा मुंबईतल्या पैसेवाल्या समाजांनी आपापल्या ज्ञातीची इस्पितळं उभी केली. ज्यांच्या ज्ञातीजवळ पैसाच नव्हता, त्यांनी जायचं कुठे?

या प्रश्नाला पुण्यात एका माउलीने उत्तर दिलं. सावित्रीबाईंनी आपला मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतलं आणि पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या पोराला गाठ आली, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. माउलीला मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी ती गेली. ज्याची सावली टाळायची त्याला पाठीवर घेणं म्हणजे काय, हे आज नुसतं वाचून कळणार नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टर कुठे जात पाहतो? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. हे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मनधरणी झाल्यावर तो वस्तीबाहेर आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही तसाच आला. बाईला न्यूमोनिया होता. ती वाचली नाही. त्या वेळी साथ नव्हती. साध्या दिवसांत ही तऱ्हा, तर मानमोडीत काय झालं असेल!

म्हणूनच ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव नीट वाचावा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात तो मांडला. चवदार तळ्यामुळे आपल्याला त्यातलं पाणी तेवढं आठवतं. पण त्या ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या यांच्याबरोबर सरकारी दवाखानेही होते. तळं खुलं करायला १९२७ साली महाडला जावं लागलं. दवाखान्याच्या दारासाठी तसा एक मोठा दिवस इतिहासात नाही. ती लढाई घराघरांतून, एकेका आजाऱ्याने लढली.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. हात धुवा, अंतर ठेवा, असं सांगितलं गेलं. एका नळावर सारी गल्ली आणि एका शौचालयापुढे रांग, तिथे अंतर कुठून आणायचं? आणि सगळे घरात बसले असताना रस्ते झाडायला, गटारं काढायला कोण बाहेर होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

आजीच्या माहेरची चार माणसं मानमोडीत गेली. त्यांची नावं कुठल्या कागदात नाहीत. दर हजारी एकसष्टांमध्ये ती मोजली गेली असतील की नाही, कोण जाणे. प्रत्येक वस्तीत अशी म्हातारी माणसं अजून आहेत, ज्यांनी हे आपल्या आज्यांकडून ऐकलं आहे. त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. आपली मेलेली माणसं आपणच मोजली नाहीत, तर दुसरं कोण मोजणार?