सागवानाला पांढरा रंग? गॅम्बल हाऊस आणि ते बांधणारे हात

१/ कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहर, १९४० च्या दशकाचा मध्य. गॅम्बल कुटुंब आपले लाकडी घर विकण्याच्या विचारात होते. घर घेऊ इच्छिणारे आतील सागवानी आणि महोगनी कामाला पांढरा रंग देण्याची भाषा बोलू लागले. ते ऐकून कुटुंबाने विक्रीचा बेत सोडून दिला.

२/ हे घर १९०८ मध्ये बांधावयास घेतले गेले. मालक डेव्हिड आणि मेरी गॅम्बल. साबणासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ कंपनीच्या घराण्यातील. वास्तुरचनाकार चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे बंधू.

३/ यंत्राने घडवलेल्या एकसारख्या वस्तूंविरुद्ध इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस प्रभृतींनी हस्तकौशल्याचा पुरस्कार केला होता. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली यांनी १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक काढले. त्याच नावाने ही गृहशैली ओळखली जाते.

४/ या शैलीतील घरांना ‘बंगलो’ म्हणत. हा शब्द आपल्याच ‘बंगला’ या शब्दाचे इंग्रजांबरोबर परदेशी गेलेले रूप.

५/ ग्रीन बंधूंचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु कागदावरील रेषा लाकडात उतरवली ती पॅसाडेनाचे कंत्राटदार पीटर हॉल आणि त्यांचे बंधू जॉन यांनी. दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेले, लाकडाचे निष्णात कारागीर. पीटर यांच्या कारखान्यातच या घराचे फर्निचरही घडले.

६/ त्यांचे काम जवळून पाहावे असे आहे. सांधे लपवलेले नाहीत. तेच अलंकार झाले आहेत. तुळयांच्या कडा घासून गोलसर केल्या आहेत. स्क्रूंची डोकी आबनुसाच्या चौकोनी खुंट्यांखाली झाकली आहेत. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते, आक्रसते. त्या हालचालीलाही वाव ठेवलेला आहे.

७/ ग्रीन बंधूंनी शालेय वयात सेंट लुईसच्या एका शाळेत प्रत्यक्ष सुतारकाम शिकून घेतले होते. त्यामुळे रचनाकार आणि कारागीर यांची भाषा एकच होती.

८/ हॉल यांनीच बांधलेल्या ब्लॅकर हाऊसचे नशीब वेगळे. १९८५ मध्ये नव्या मालकाने त्यातील मूळ दिवे काढून नेले. शहरात क्षोभ उसळला आणि अशा वास्तूंच्या रक्षणासाठी पॅसाडेनाने नियम केला.

९/ गॅम्बल हाऊस मात्र कुटुंबाने १९६६ मध्येच पॅसाडेना शहराच्या स्वाधीन केले. १९७७ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटातील डॉक ब्राऊन यांचे १९५५ सालचे घर बाहेरून दिसते, ते हेच.

१०/ रंगाचा एक हात त्या वेळी फिरला असता, तर भिंती उभ्याच राहिल्या असत्या. बुजले असते ते हॉल बंधूंचे काम. त्यांची सही घरातील प्रत्येक सांध्यावर आहे आणि ती आजही वाचता येते.