रक्तातल्या खुणा आणि सोयरिकीच्या वेशी

यवतमाळात बसून हा विषय बोलायचा तर सुरुवात केळापूर, झरी जामणीकडूनच करू. कोलाम, गोंड, परधान यांचा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. सोयरीक मात्र ज्याची त्याच्यात. मग हे लोक एकमेकांपासून किती वेगळे? विसाव्या शतकात हा प्रश्न आपण रक्ताला विचारू लागलो.

पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर हिर्शफेल्ड पतिपत्नींनी देशोदेशीच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. १९१९ साली निष्कर्ष छापले. हिंदी शिपायांत 'बी' गटाचं प्रमाण युरोपियनांपेक्षा बरंच जास्त निघालं. पण ए, बी, ओ सगळ्यांतच होते. फरक फक्त प्रमाणाचा. अमुक रक्तगट म्हणजे अमुक वंश, असं म्हणायला जागाच नव्हती. तरी लोक म्हणालेच!

आपल्याकडे इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी १९६८ साली एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजाती शरीरमापं आणि रक्ताच्या खुणांनी ताडून पाहिल्या. नाव एक, पण आतले गट एकमेकांपासून वेगळे. एका खोडाच्या फांद्या फुटून जाती झाल्या, हे इरावतीबाईंना आधीपासूनच पटत नव्हतं. पुढे १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरचे आकडे मांडले: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच असतो.

आता आपल्या घरची खूण, सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातली नोंद छापली. गोंडांत ती आहे, तशी महार, कुणबी, तेली कुटुंबांतही आहे. मग हे सगळे एका रक्ताचे का? इथे घाई नको. ॲलिसन यांनी १९५४ सालीच दाखवलं होतं की या जनुकाची एकच प्रत असली तर मलेरियापासून बचाव होतो. म्हणजे जिथे हिवताप, तिथे खूण वाढते. ती वंशावळीपेक्षा तापाचाच इतिहास जास्त सांगते. मूळ शोधायचं तर जनुकाच्या आजूबाजूचा मजकूर वाचावा लागतो. तसा तो वाचून १९८६ च्या अभ्यासाने आशियातला बदल आफ्रिकेहून स्वतंत्र ठरवला. २०१८ मध्ये श्राइनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून उगम एकच म्हटलं. तेव्हा एका खुणेवरून कुळाचा निकाल देणाऱ्यांपासून आम्ही तरी जरा लांबच बसतो.

आणि प्रमाण समूहाचं असतं, जनुक माणसाचं. आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात ही चूक पहिल्याच महिन्यात दाखवतात. इथे मात्र तिच्यापायी सोयरिकी मोडतात: "त्यांच्यात सिकल आहे" म्हणून अख्खी जात बाजूला, आणि वाहक मुलगी तर जणू रोगीच. वाहक सहसा ठणठणीत असतो. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल तर मुलाला हा आजार होत नाही. लग्नाआधी तपासायचं ते दोघांचं रक्त, आणि नवऱ्या मुलाचंही, हे इथे मुद्दाम सांगावं लागतं.