नखांचा इतिहास कुठल्या कपाटात सापडतो?

इतिहासाचा विषय म्हणजे लढाई, राजा नाहीतर चळवळ, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रपोजल लिहायला बसलेल्यांना मी हल्ली एक साधी युक्ती सांगते. समोरची एखादी रोजची गोष्ट घ्या आणि तिला दोन प्रश्न विचारा : ही कशाची बनली आहे? आणि हे काम आधी कोण करायचं?

आज उदाहरण घेऊ नेल सलूनचं. कामठीतल्या एका मैत्रिणीच्या लग्नाच्या तयारीसाठी आम्ही नागपूरच्या एका महागड्या सलूनमध्ये गेलो होतो. पाय बुडवायला कोमट पाणी, मऊ खुर्ची, आणि खाली स्टुलावर मास्क लावून नखं घासणारी साधारण माझ्याच वयाची मुलगी.

पहिला प्रश्न, बाटलीचा. नेलपॉलिश वाळल्यावर नखावर जो चकचकीत पापुद्रा राहतो, तो मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. नायट्रोजनचं प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास गेलं की तो गनकॉटन, म्हणजे तोफा-बंदुकांचा माल. 11-12 टक्क्यांवर ठेवला की इथाइल अॅसिटेटसारख्या द्रावकात विरघळणारं लॅकर. 1846 मध्ये बाझेलच्या श्योनबाइनने गनकॉटन जगापुढे आणलं. पहिल्या महायुद्धानंतर हीच लॅकर मोटारींच्या रंगात आली. 1932 मध्ये रेव्हलॉन कंपनी नेलपॉलिश घेऊनच बाजारात उतरली, आणि 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली.

आता आपला परिसर बघा. कामठी ही 1821 ची छावणी. आजही इथे गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. भोवती कापसाचा मुलूख. 1884 च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येत गनकॉटनचं नाव थेट येतं, आणि तो कायदा राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. म्हणजे बाटलीच्या इतिहासासाठी फार भटकावं लागत नाही. पेटंट, कायदे, कंपन्यांचे अहवाल, सगळं छापील. एका बैठकीत माग लागतो.

दुसरा प्रश्न, हाताचा. इथे गाडी अडते. ‘नखं’ नावाची फाइल कुठल्याच अभिलेखागारात मिळणार नाही. मग शब्दकोश उघडायचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘नराणी’ हा शब्द सापडतो : नखं काढायचं न्हाव्याचं हत्यार. ते ठेवायची त्याची पिशवी म्हणजे धोकटी. म्हणजे नखं काढणं हे गावगाड्यात ठरलेलं काम होतं. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. मोबदला सुगीच्या धान्यात. पुढे रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा 1916 चा चार खंडांचा ग्रंथ आहे. त्यात न्हावी समाजावर प्रकरण आहे. पण ते वाचताना लक्षात ठेवा, लिहिणारा सरकारी अधिकारी आहे. धोकटी ज्याच्या खांद्यावर होती तो नाही.

शिवाय हे बलुतं सगळ्यांसाठी नव्हतंच. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्यातल्या बालपणाबद्दल सांगितलंय की गावात न्हावी होते, पण अस्पृश्यांना हात लावत नसत, घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापायची. सलूनची पाटी वाचताना हे आठवलं पाहिजे. पैसे देणाऱ्या कुणाचाही हात हातात घेणं ही आज साधी गोष्ट वाटते. पण कुणी कुणाला स्पर्श करायचा, हा इथे शतकानुशतकं जातीने ठरवलेला प्रश्न होता. कोशातला एक शब्द आणि एक आत्मकथन शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे हे दिसतं.

मग हाताच्या कामाची नोंद होते तरी कधी? कामठीचंच उत्तर आहे. इथल्या बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केलं, 1937 मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. विड्या वळणारे हात कागदावर आले ते त्यांनी मागणी केली म्हणून. निव्वळ काम करत राहिले असते तर आपल्याला मालाचे आकडे मिळाले असते, माणसं मिळाली नसती.

नेल सलूनमध्ये आज तेच चाललंय. जेल पॉलिशमधलं टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. त्याचे कागद शंभर वर्षांनीही मिळतील. पण गिऱ्हाईक तासभर बसून निघून जातं आणि ती मुलगी दिवसभर अॅसिटोनच्या वासात आणि घासलेल्या अॅक्रिलिकच्या धुळीत बसते. तिची पाळी किती तासांची, मास्क कोण देतं, हे काम ती कुणाकडून शिकली, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून विषय निवडताना कागद कुठे भरपूर आहेत एवढंच बघू नका. कागद जिथे संपतात तिथे वही काढा, परवानगी घ्या, आणि तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या संशोधकाला शब्दकोशातून माणूस शोधत बसायची वेळ येऊ नये.