ट्रामचा आवाज कुठल्या सालातला?

आजचा भाग तोंडवलीतून. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि विषय मात्र मुंबईची ट्राम. नवल नाही, कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावरच उभी राहिली. माझ्याकडे ट्रामचं एक जुनं पत्र्याचं मॉडेल आहे आणि मला त्यात आवाज भरायचाय.

जोडकाम तसं सोपं. मेमरी कार्डवरचा आवाज वाजवणारा टपाल तिकिटाएवढा बोर्ड मिळतो, त्याला छोटा स्पीकर जोडायचा. फक्त स्पीकर बंद डबीत बसवा. उघडा ठेवलात तर पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, आवाज पिचका येतो.

खरा प्रश्न पुढचा. आवाज भरायचा तो कुठला?

मुंबईत ट्राम सुरू झाली 9 मे 1874 रोजी आणि ती ओढायचे घोडे. म्हणजे मॉडेल त्या काळातलं असेल तर त्यात मोटर वाजताच कामा नये. टापा हव्यात, लोखंडी रुळावर घासणारी चाकं हवीत. पुढे 7 मे 1907 ला विजेची ट्राम आली आणि रस्त्याचा आवाजच बदलला. डब्याखालच्या मोटरची आणि दातेरी चाकांची घूं घूं, छतावरचा दांडा तारेवरून सरकताना होणारी सळसळ. वेग वाढला की घूं घूं चढत जाते. म्हणून मॉडेलमध्येही हा आवाज वेगाशी जोडावा लागतो. एकच सूर सतत वाजवला तर ती ट्राम नाही, पिठाची गिरणी वाटते. 1920 मध्ये दुमजली ट्रामही आल्या.

शेजारचे एक आजोबा लहानपणी लालबागला राहिलेले. मॉडेल हातात घेऊन म्हणाले, "दिसता बरी, पण घंटा खंय आसा?" मग पाय जमिनीवर आपटून दाखवला. ड्रायव्हर घंटा पायाने वाजवायचा, ठण ठण! हा पाय मला कुठल्याच फोटोत दिसला नव्हता.

इंटरनेटवर ट्रामचे आवाज ढिगाने मिळतात. मेलबर्नचे, सॅन फ्रान्सिस्कोचे. छानच आहेत, पण ते त्या शहरांचे. आपल्याला जवळची कोलकात्याची ट्राम, तिथे 1902 मध्ये वीज आली. तिची घंटा उसनी घ्यायला हरकत नाही, पण मॉडेलखाली तसं लिहून ठेवा. नाहीतर उद्या एखादं पोर तोच मुंबईचा आवाज समजेल आणि त्याला खोटं ठरवायला कोणी उरलेलं नसेल.

कारण मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरी ओलांडून बसलंय. आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्राम मॉडेलच्या रूपात बघायला मिळते. पण ती ज्यांच्या कानात आहे, ती माणसं तुमच्या-माझ्या घरात आहेत.

तेव्हा मंडळी, एवढं करा. आजी-आजोबांना विचारा, ट्राम वळताना कशी वाजायची? घंटा किती वेळा? कंडक्टर काय ओरडायचा? फोनवर रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला साल, रस्ता आणि नाकं नक्की बोला. त्यांनी तोंडाने ठण ठण केलं तरी ते पुसू नका. तोही पुरावाच आहे.