चरखा गेला, सुई राहिली

आज आपण सुई-दोऱ्याच्या इतिहासाबद्दल बोलू. इतिहास म्हटलं की आपल्या वाशीममध्ये वत्सगुल्म नगरी आणि वाकाटक राजे आठवतात. त्यांचा ताम्रपट सापडला, म्हणून त्यांची नावं कळली. आपल्या आज्यांनी शिवलेल्या गोधड्यांवर मात्र ना नाव, ना साल. त्या पांघरून पांघरून विरल्या आणि शेवटी पायपुसणं झाल्या. म्हणून हा इतिहास आपणच सांगायला हवा.

सुईच्या आधी चरख्याचं सांगतो. वऱ्हाडात कापूस फार जुना. गिरण्या येण्याआधी सूत कातण्याचं काम बायकांचं होतं. घरचं आवरून कातलेलं सूत विणकराकडे जाई आणि बाईच्या हातात चार पैसे येत. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचं लक्ष आपल्या कापसावर गेलं. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात शिरली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली. तीच आपली शकुंतला. कापूस गाठी होऊन बाहेर गेला आणि कापड ठाणं होऊन परत आलं. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. यंत्राच्या सुतापुढे घरचा चरखा टिकला नाही. कापूस वेचायला बाई राहिली, पण सुताचा पैसा तिच्या हातून गेला.

सुई मात्र राहिली. नऊवारी लुगडं विरलं की त्याच्या घड्या, मध्ये धोतराचे आणि सदऱ्यांचे तुकडे, वरून दुसरं लुगडं. कडेपासून सुरुवात करून बारीक धावदोरा घालत आत जायचं. हीच गोधडी. कुणी वाकळ म्हणतं, आपल्या वऱ्हाडीत वाकय. शेतीची कामं सरली की उन्हाळ्यात दुपारी दोघी-तिघी मिळून हे काम काढत. तांड्यावरच्या आपल्या बंजारा बहिणींची सुई आणखी पुढे गेली. फेटिया आणि काचळीवर आरसे, कवड्या, रंगीत टाके. या कामाचा कागदावर नमुना नसतो. आईच्या हाताकडे बघून लेकीनं शिकायचं. आज आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं. आपला वारसा तिथे जपला जातो, याचा आनंद आहे. पण संग्रहालय वस्तू जपतं. टाका जपायला हातच लागतो.

आता शिलाई मशीनकडे येऊ. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं पुढे, टोकाशी असतं. वरचा दोरा सुईतून खाली जातो, खालचा बॉबिनमधून येतो आणि कापडात दोघांची गाठ पडते. ही युक्ती वापरून अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलं. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीनवर सैनिकांचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हा पोटावर पाय येणार म्हणून दुसऱ्या शिंप्यांनी त्याचा कारखाना मोडून टाकला. यंत्राची भीती अशी जुनी आहे.

सिंगर कंपनीनं आणखी एक गोष्ट केली. रोख पैसे नसतील तर हप्त्यानं मशीन द्यायला सुरुवात केली. हप्ता म्हणजे काय, हे बचत गटातल्या बाईला सांगायला नको. भारतात १९३० च्या दशकात कलकत्त्याला उषा मशीन तयार होऊ लागली. महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध बोलत, कारण त्यापायी माणसांचे हात रिकामे होतात. पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी शिलाई मशीन अपवाद मानली. बायकोचे शिवणाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून सिंगरनं ती केली, असं ते म्हणाले. चरखा आणि शिलाई मशीन, दोन्ही यंत्रंच. त्यांना फरक दिसला तो असा: यंत्र माणसाच्या हाताशी आहे की माणूस यंत्राच्या हाताखाली.

आपल्याकडे मशीन आधी बाजारात आली आणि तिथे पुरुष बसले. कपडे शिवणं हा त्यांचा धंदा झाला. घरात बाई शिवते, तिला आपण हौस म्हणतो. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात बायकांना शिवण शिकवलं जाई, ते स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. टाका तोच. पैसे मिळाले की काम आणि नाही मिळाले की हौस, हा हिशोब आपण का मान्य करावा?

वेळेचाही हिशोब बघा. पिठाची गिरणी आली, नळ आले, मिक्सर आला. तरी २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेले आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७. यंत्रानं वाचवलेला वेळ आपोआप बाईच्या वाट्याला येत नाही. तो मागून घ्यावा लागतो.

गोधडी आज का मागे पडते आहे, हेही खरं सांगू. बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं. सुती लुगडी गेली, सिंथेटिक साड्या आल्या. त्या घडीत सरकतात, घाम शोषत नाहीत. घरच्या मशीनवर जाड थर घातले की सुई तुटते. म्हणून गोधडी हातानंच करायची आणि सुती कापड बाजूला काढून ठेवायचं. ब्लाऊज, पिशव्या, गणवेश खुशाल मशीनवर शिवा. दोन्ही आपलंच आहे.

आमची एक विनंती. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली सर्वांत जुनी गोधडी आणावी. कुणी शिवली, त्यात कुणाचं लुगडं आहे, कुणाच्या जन्माच्या वेळी शिवली, हे विचारून वहीत लिहावं. तांड्यावरच्या बहिणींनी टाक्यांची नावं आपल्या बोलीत सांगावीत. मोबाइल आहे, आजीचा आवाज भरून घ्या. आणि ते झालं की एका पोरीच्या हातात सुई द्या, एका पोराच्याही. ताम्रपटावर नाव यायला राजा असावं लागतं. वहीत यायला एक ओळ पुरते.