लेडी विंडरमिअरचा खोकला

ऑस्कर वाइल्डचे ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ हे नाटक १८९२ साली लंडनच्या रंगभूमीवर आले. बरोबर शंभर वर्षांनी त्याच्या नायिकेचे नाव एका फुफ्फुसविकाराला चिकटले. वैद्यकात नावांच्या गमती पुष्कळ आहेत. ही गंमत मात्र मला तितकीशी निरागस वाटत नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला. त्याचे कितीतरी भाऊबंद माती-पाण्यात राहतात, आणि थुंकी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तेही क्षयजंतूसारखेच लाल दिसतात. १९५९ साली अर्नेस्ट रन्यन यांनी वाढीचा वेग आणि वसाहतींचा पिवळा-नारिंगी रंग पाहून त्यांचे चार गट पाडले. रन्यन मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ही नजर तिकडचीच.

हे जंतू धरतात ती आधीच खराब झालेली फुफ्फुसे, बहुधा विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांची, असा समज होता. १९८९ मध्ये फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी असा कुठलाच पूर्वविकार नसलेले रुग्ण मांडले. त्यांत बहुतेक वयस्क स्त्रिया होत्या. १९९२ मध्ये राइश आणि जॉन्सन यांनी अशाच स्त्रियांविषयी ‘चेस्ट’मध्ये लिहिले. त्यांच्या उजव्या फुफ्फुसाचा मधला खंड किंवा डाव्याचा खालचा जिभेसारखा भाग एवढाच बाधित होता. तर्क असा की, सभ्य बायका चारचौघांत खोकत नाहीत, म्हणून कफ साचतो. म्हणून ‘लेडी विंडरमिअर सिंड्रोम’.

मी नाटक पुन्हा उघडले. या बाईंना खोकला नाही, आणि त्या वृद्धही नाहीत. त्यांचा एकविसावा वाढदिवस आहे! पुढे २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांना अशा रुग्ण स्त्रियांत उंच, सडपातळ बांधा आणि पाठीच्या कण्याचा बाक जास्त आढळला. म्हणजे शोध शरीराच्या घडणीकडे वळला. दाबलेल्या खोकल्याचा तर्क तर्कच राहिला. नाव मात्र टिकले.

आपल्याकडे अडचण निराळी. थुंकीत लाल काड्या दिसल्या की क्षय धरला जातो. गुण आला नाही, तर औषधांना न जुमानणारा क्षय. काड्या दिसतात पण क्षयाची जनुकीय चाचणी निगेटिव्ह येते, तिथेच खरे तर शंका यायला हवी. हा जंतू नळाच्या पाण्यातही असतो, त्यामुळे थुंकीच्या एकाच कल्चरवर विसंबत नाहीत. दोन वेगवेगळ्या वेळची लागतात, शिवाय लक्षणे आणि सीटी स्कॅन. नेहमीच्या एव्हियम गटासाठी अॅझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही औषधे कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही वर्षभर चालतात.

हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. निदान चुकले, की घरात बाईचे ताट-वाटी मात्र वेगळे होते.